तीन घंटा

नऊ नंबर शाफ्टचा वाइंडर मी एकतीस वर्षं चालवला.
ड्रायव्हर म्हणायचे मला.
निवृत्तीनंतर मुलाने लुसाकाहून पाठवली ही काठी,
तिलाही ड्रायव्हरच म्हणतात,
आणि आम्हा दोघा ड्रायव्हरांचं
गेल्या आठ महिन्यांत एकदाही पटलेलं नाही.

पहिल्या टीवरून चेंडू सरळ निघतो,
साळसूद, शाळेला निघालेल्या पोरासारखा,
आणि शंभर यार्डांवर कोणी शीळ घातल्यासारखा
उजवीकडे वळतो,
वळतच राहतो,
तिसऱ्या वारुळापलीकडच्या उंच गवतात.
वारुळं इथली घराएवढी.
गवतात मांबा आहे, असं सगळेच सांगतात.
पाहिला कोणी नाही,
चेंडूही कोणी परत आणलेला नाही.

डावीकडे तोंड करून उभा राहिलो,
तर आणखीच उजवीकडे गेला.
जोर लावला, आणखी.
मूठ इतकी आवळली
की हातमोजा अंगठ्यापाशी उसवला.

फेबी चिसांगा माझी कॅडी.
वय बावीस, पायात भावाचे बूट.
चार महिने ती एक शब्द बोलली नाही.
विचारल्याशिवाय कॅडीने बोलू नये,
ही पाटी गोऱ्या मॅनेजरांच्या काळातली.
पाटी गंजून पडली, नियम तेवढा उभा राहिला.
मग एका मंगळवारी मीच विचारलं.

तिने चेंडू पुढे घेतला, डाव्या टाचेच्या आतल्या अंगाला.
टी उंच केली:
काठीच्या डोक्यावरून अर्धा चेंडू उगवताना दिसला पाहिजे.
डावी मूठ जराशी फिरवली,
बोटांचे दोन पेर मला दिसतील इतकी.
“कोंबडीचं पिल्लू धरता ना, तसं.”
उजवा खांदा किंचित खाली.
मी मारला.
चेंडू वारुळापलीकडेच गेला,
फक्त जास्त उंचावरून.

ती हसली नाही.
स्मेल्टरच्या धुराकडे पाहत राहिली.
वारा बघायला इथं कोणी गवत उडवत नाही.
मग म्हणाली, “बाशिकुलु,
माझे वडील तुमच्याच पिंजऱ्यातून खाली जायचे.
सांगायचे, लिव्हरवर सिम्पोसा असला
की पोटातलं पाणी हलत नाही.
साठ माणसं खाली सोडताना
तुम्ही असा हिसका द्यायचात?”

वर पिंजरा भरतो. दार लागतं.
तीन घंटा: आत माणसं आहेत.
तरी लगेच सोडायचं नसतं.
दोराला आधी वजन ओळखू द्यायचं,
मग ब्रेक, मग लिव्हर,
जेमतेम,
आणि वेग नंतर आपसूक येतो,
खाली,
जिथं लागतो तिथं.

हे मला कोणी शिकवावं?

आठ महिने मी वरूनच हिसका देत होतो.
खांदे गुडघ्याला बाशिंग बांधून
सगळ्यांच्या आधी निघायचे,
आणि काठी चेंडूला बाहेरून आत
कांद्यासारखी चिरत जायची.

पुन्हा उभा राहिलो.
काठी मागे, वर, पाठ झेंड्याकडे.
एक.
दोन.
तिसरीची वाट पाहताना
डावी टाच आपोआप जमिनीत रुतली,
कंबर निघाली,
आणि हात मागून आले,
पाळी सुटलेल्या माणसांसारखे सैल.

आवाजच निराळा.
चेंडू थोडा उजवीकडून गेला,
आणि टोकाला, देवाशप्पथ,
विसरलेलं काही आठवल्यासारखा
डावीकडे झुकला,
लाल मातीवर दोनदा उडाला
आणि मधोमध थांबला.
माझ्या पट्ट्याचं बक्कल झेंड्याकडे बघत होतं.
असं ते कधीच बघत नसे.

मी लगेच दुसरा चेंडू मागितला.
तो सरळ वारुळात.

“दोनच वाजल्या,”
न विचारता फेबी म्हणाली,
आणि कानामागची टी काढून
जमिनीत खोचली.